मधली टेकडी

आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक पिंप आहे, हलू नये म्हणून रेतीने गच्च भरलेलं. त्या पिंपाभोवती मी अख्खा हिवाळा गोल गोल फिरले. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर निदान झापड तरी बांधतात, त्यामुळे त्याला वाटत असावं की आपण कुठेतरी चाललो आहोत. माझे डोळे उघडे होते. मला पक्कं ठाऊक होतं की मी बल्लारपुरातच आहे, आणि उद्याही इथेच असणार आहे.

पिंपावर राळेची गोल चकती आणि तिच्यावर काच. काच जेवायच्या ताटलीएवढी, दोन बोटं जाड आणि धोंड्यासारखी जड. हा दुर्बिणीचा आरसा, बाबांचा. म्हणजे आरसा बाबांचा आणि हात माझे. दोन्ही तळवे काचेवर टेकवायचे, काच पुढे रेटायची, मागे ओढायची, एक पाऊल बाजूला सरकायचं, काच जराशी फिरवायची आणि पुन्हा रेटायची. काच आणि राळ यांच्यामध्ये पॉलिशच्या भुकटीचं गढूळ पाणी. ते सुकत आलं की काच राळेला अशी चिकटून बसते की सोडवता सोडवत नाही, म्हणून मध्ये थांबायचीही सोय नाही.

खिडकी बंद, दार बंद, पंखा बंद. आमच्या गावात जिथे हवा आहे तिथे कोळशाची धूळ आहे. त्या धुळीतला एखादा कण राळेत रुतला की काचेवर ओरखडा उमटतो, आणि सगळी मेहनत मातीमोल होते. म्हणून केसांना फडकं आणि हातात बांगडी नाही. शिंक आली तर कोपऱ्यात तोंड करून शिंकायचं. जेलमध्ये माणसाला सुटकेची तारीख तरी सांगतात. माझी तारीख बाबांच्या उजव्या डोळ्यावर अवलंबून होती.

त्या डोळ्याबद्दल आधी सांगायला हवं. बाबांनी जन्मभर मालगाड्या चालवल्या. रिटायर होऊन वर्षं झाली तरी मोहल्ल्यात ते अजून 'बापूराव ड्रायव्हर'च आहेत. धुक्यातही सिग्नलचा रंग आपल्याला सगळ्यांच्या आधी दिसायचा, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की त्या धुक्यात मीही इंजिनात होते असं वाटायला लागलंय. रेल्वेचे डॉक्टर दर खेपेला डोळे तपासत आणि दर खेपेला पाठ थोपटत, असं ते सांगायचे. पाठ थोपटण्याचा भाग त्यांनी मागाहून जोडला असावा. पण चष्मा त्यांना कधी लागला नाही, हे खरं.

आई गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही. मी होते, पण मी बोलण्यापेक्षा भांडते जास्त. तेव्हा कुठूनतरी त्यांच्या डोक्यात दुर्बीण शिरली. मागच्या भीमजयंतीला विहारात माइक हातात आला आणि बाबा सर्वांसमोर बोलून बसले, की पुढच्या जयंतीला स्वतःच्या हाताने केलेल्या दुर्बिणीतून मी अख्ख्या मोहल्ल्याला चंद्रावरचे खड्डे दाखवीन. टाळ्या पडल्या. तेव्हापासून विहाराचे हेमराजभाऊ रस्त्यात भेटले की विचारतात, "बापूराव, चंद्र आनला का घरी?" बाबा हसतात. घरी येऊन मात्र जेवत नाहीत.

काच घासून खोलगट करण्याचं जाड काम बाबांनी पावसाळ्यात एकट्याने केलं. पॉलिशला लागले आणि त्यांचा खांदा आखडला. हात वरच होईना. मी म्हटलं, चार दिवस मी करते. दुसऱ्याच्या पायावर धोंडा पडू नये म्हणून आपला पाय पुढे करणारी माणसं असतात, त्यातली मी.

खरं तर मला घाई होती. वनरक्षकाच्या भरतीत मी निवडले गेले होते. वयाची शेवटची संधी होती. त्या ग्राउंडवर मी अशी धावले होते की पायाची नखं काळी पडली. आलापल्लीच्या बाजूला नेमणूक झाली. सागाचं जंगल, खाकी ड्रेस, स्वतःची खोली. माझ्याबरोबर धावलेली रीता कधीच रुजू झाली होती. मी वडिलांच्या आजारपणाचं कारण लिहून मुदत वाढवून घेतली. आखडलेला खांदा हा आजारच असतो, असं मनाला समजावलं. तिथले साहेब फोनवर म्हणाले की आता आणखी वाढणार नाही, सोमवारी आलात तर तुमची जागा, नाहीतर यादीतल्या पुढच्याची. तो सोमवार आता परवावर आला होता.

बाबा मला जाऊ नको असं कधी म्हणाले नाहीत. "आरसा झाला का जाय," एवढंच म्हणायचे. आणि आरसा होत नव्हता.

आरसा झाला की नाही हे बघायची एक रीत आहे. खोलीत अंधार करायचा. काच धुवून, निववून भिंतीशी लाकडी घोडीवर उभी करायची. समोर खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टूल. तिथे पत्र्याच्या डब्यात बल्ब, आणि डब्याला सुईने पाडलेलं भोक. त्या भोकातला उजेड काचेवर जाऊन परत येतो तो बरोबर एका टिंबावर. त्या टिंबाशी दाढीची पत्ती उभी करायची आणि पत्तीच्या मागे डोळा लावायचा. पत्ती त्या उजेडाला जराशी कापते, तेव्हा काचेवरचे उंचवटे आणि खड्डे सावल्या पडल्यासारखे उठून दिसतात, कलत्या उन्हात शेतातली ढेकळं दिसतात तसे. पत्ती नसली तर सावलीही नाही. काच नुसती पौर्णिमेच्या चंद्रासारखी सपाट उजळते. हे सगळं बाबांनी मला पोळीच्या कणकेवर बोट दाबून समजावलं होतं. पण एका वेळी तिथे एकच डोळा मावतो, आणि तो डोळा त्यांचा असायचा. मी बघू म्हटलं की म्हणायचे, "डोळा तयार व्हाव लागते, पोरी. सिग्नल पाह्यासारखं हाये ते."

मग ते डावा डोळा मिटून उजवा पत्तीला लावायचे, आणि मी निकाल ऐकायला उभी.

"मधात टेकडी हाये अजून."

मधली टेकडी झिजवायची तर काच लांब लांब रेटायची, मध्यावरून मध्य जाऊ द्यायचा. मी रेटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी. मी आणखी रेटली. कधी म्हणायचे, आज जराशी कमी आहे. कधी म्हणायचे, आज ती उजव्या अंगाला सरकली. एकदा मी चिडून विचारलं की ही टेकडी आहे की बकरी, रोज वेगळ्या ठिकाणी चरायला जाते. बाबा हसले नाहीत. स्टुलावर बसून नुसते डोळा चोळत राहिले.

दिवाळीत होईल वाटलं होतं, नव्या वर्षात होईल वाटलं. आता दुपारी कूलर काढायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आमच्या इथला उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला राळेचं सांगायला नको. राळ, मेण आणि एरंडीचं तेल यांचा तो गोळा थंडीत दगड असतो आणि उन्हात गुळासारखा ओघळतो. म्हणजे आता आरसा झाला नाही तर काम थेट पुढच्या हिवाळ्यावर. रात्री अंथरुणावर पडलं तरी माझे हात पुढे-मागे चालल्यासारखे वाटायचे.

माझा भाऊ अश्वजितदादा पुण्याला असतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू आहेस ना तिथे." हे वाक्य त्याने अगदी पुण्याच्या मराठीत म्हटलं. तिकडे गेल्यावर माणसाची जबाबदारी आधी जाते की भाषा, हे मला अजून कळलेलं नाही.

रीताचा मात्र रोज फोन. ती म्हणाली ते माझ्या मनात काट्यासारखं शिरलं. "तो आरसा कवाचाच झाला असल. तुहा बाप तुले सोडून नाई राह्यला, बस. मी निघाली तवा माह्या बापानं तं नुसतं छातीत दुखते म्हनलं होतं."

मी तिला झापलं. पण फोन ठेवल्यावर गोष्ट जुळतच गेली. सरकणारी टेकडी. मला कधी बघू न देणं. 'आरसा झाला का जाय.' मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. बाप खोटारडा निघाला की पाय मोकळे होतात. खोट्याशी कसलं बांधलेपण?

शनिवारी दुपारी बाबा नेहमीसारखे स्टेशनवर गेले. तिथे बाकावर बसून जुन्या सोबत्यांच्या गाड्या बघणं हा त्यांचा रोजचा नेम. मी काच घोडीवर चढवली, बल्ब लावला, पत्ती उभी केली आणि डोळा लावला. बराच वेळ काहीच सापडेना. मग एकदम काच उजळली आणि तिचं अंग दिसलं. मध्यभागी काहीतरी होतं खरं. पण बाबांनी शिकवलं होतं की उजेड उजवीकडून पडल्यासारखा धरायचा, म्हणजे टेकडीचा उजवा उतार उजळ दिसतो. इथे उजळ होता तो डावा. ती टेकडी नव्हतीच. खड्डा होता, स्वच्छ, वाटीसारखा. मीच माझ्या हातांनी कोरलेला.

मी स्टुलावर बसून राहिले. पण डोळा तयार नसेल माझा, उलटं दिसलं असेल, अशी शंकाही होती. बाबांना नुसतं विचारलं असतं तर त्यांनी सिग्नलचं तेच पुराण लावलं असतं. मला त्यांना पकडायचं होतं. तोंडावर, पळायला वाट न ठेवता.

मग मी पत्ती काढून घेतली आणि तिची रिकामी चिमटी तशीच उभी ठेवली. पत्ती नाही म्हणजे सावली नाही. काचेवर टेकडी असो की खड्डा, आता कोणालाच काही दिसणार नव्हतं. फक्त सपाट उजेड. मी स्वतः पाहून खात्री केली. बॅग मी आधीच भरून पलंगाखाली सरकवली होती.

बाबा आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी म्हटलं, काच निवलीय, पाहता का. ते लगेच उठले. अंधाऱ्या खोलीत सवयीने स्टुलापर्यंत गेले, बसले, डावा डोळा मिटला, उजवा लावला. मी त्यांच्या मागे उभी राहिले. पत्ती माझ्या मुठीत, कागदात गुंडाळलेली.

"मधात हाये," बाबा म्हणाले. "काळीच हाये अजून. कालच्यापेक्षा मोठी दिसून राह्यली."

"बाबा," मी म्हटलं, "पत्ती लावलीच नाई मी. काढून ठेवली."

याचा अर्थ काय ते माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळत होतं. ते रागावतील, नाहीतर पकडल्या गेलेल्या माणसासारखे हसतील, म्हणून मी वाट बघत होते. माझी पुढची वाक्यं तयार होती. माझ्या नोकरीबद्दल, माझ्या वयाबद्दल, दादाबद्दल, सगळी एकापाठोपाठ एक लावलेली. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. चाचपून चिमटी रिकामी असल्याची खात्री केली, पुन्हा वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मंग मधात काय दिसून राह्यलं मले?"

हे त्यांनी मला विचारलं. ज्याला माहीत आहे त्याला विचारावं तसं विचारलं.

मी दिवा लावला. त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि त्यांना डावा डोळा तळव्याने झाकायला सांगितलं. मग माझ्याकडे बघा म्हटलं. त्यांनी बघितलं. मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली.

"काय दिसते?"

"तुहे कान दिसते. केसाचं फडकं दिसते."

"अन् तोंड?"

बाबांनी झाकलेला हात काढला नाही. "तोंडावर टेकडी हाये," ते म्हणाले.

दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं झाकून घ्यायचा, म्हणून त्यांना कधी कळलंच नव्हतं. एकटा उजवा डोळा ते दिवसातून एकदाच वापरायचे, त्या पत्तीपाशी. आणि त्या डोळ्याच्या मधोमध जो डाग वाढत होता, तो मी अख्खा हिवाळा काचेवरून घासत होते.

मी त्यांना खड्ड्याचं सांगितलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता. ते उठून घोडीपाशी गेले आणि काचेच्या मध्यावर बोटं फिरवली. बोटांना तो खड्डा कळण्यासारखा नसतो, हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी फिरवली.

"सोमवारी आलापल्लीची बस किती वाजता हाये?" त्यांनी विचारलं.

"सकाळी हाये."

"जाय तू. हेमराजले मी सांगतो का चंद्र नाई होत म्हून."

मग ते खिडकीकडे गेले. पावसाळ्यापासून न उघडलेली खिडकी, कडी गंजून बसलेली. दुखऱ्या खांद्याने त्यांनी ती हिसकून हिसकून काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. संध्याकाळची हवा आत आली. स्टेशनवरची घोषणा आली, मालगाडीचा भोंगा आला. पिंपावर राळेची चकती उघडी पडली होती, ओली. तिच्यावर काय बसणार हे बाबांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी ते मुद्दामच केलं होतं. मला धरून ठेवील असं घरात काही उरू नये, म्हणून.

जे वाक्य ऐकायला मी दिवाळीपासून कान लावून होते ते वाक्य त्यांनी म्हटलं होतं, आणि माझा पाय उचलत नव्हता. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. खोटं बोलले असते तर मी बॅग उचलली असती, दार आपटलं असतं आणि आलापल्लीला जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं की माझा बाप कसा आहे. हा माणूस साधं खोटंही बोलला नाही. आता मी कोणावर दार आपटणार होते?

खिडकीच्या चौकटीवरची काळी भुकटी वाऱ्याने उठली आणि दिव्याच्या उजेडात खोलीभर तरंगायला लागली. मी फार विचार केला असं मला म्हणता येत नाही. मी उठले आणि खिडकी लावली. कडी बसेना तेव्हा तळहाताने ठोकून बसवली. ठोकतानाच मला कळलं की सोमवारी मी बाबांना घेऊन चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार, आणि आलापल्लीची बस माझ्याशिवाय सुटणार.

"काऊन लावली?" बाबांनी विचारलं.

"धूळ येते," मी म्हटलं.

मी ओल्या फडक्याने राळ पुसून घेतली, वाकून उजेडात नीट पाहिली, पुन्हा पुसली. खड्डा भरून निघत नाही. सभोवतालची काच उतरवावी लागते, आणि त्यासाठी सगळं उलटं, काच खाली आणि राळ वर. मी चकती उचलली, काच पिंपावर ठेवली आणि चकती तिच्यावर पालथी टेकवली. बाबा हळूच म्हणाले की याला टेकडीपेक्षा जास्त दिवस लागतात, आणि राळ आता उन्हात टिकायची नाही. मला माहीत आहे, मी म्हटलं. मग त्यांना म्हटलं की स्टूल वाटेत येतंय. त्यांनी स्टूल उचलून भिंतीशी नेलं, आणि मी केसांना फडकं घट्ट करून पिंपाभोवती पहिली फेरी घातली.